गाणे टिकले, वाजविणारे टिकतील काय?

अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या वर्गात घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम शिकविताना बहुतेक प्राध्यापक आंब्याचे उदाहरण देतात. पहिल्या आंब्याने जे समाधान लाभते ते दुसऱ्याने लाभत नाही, आणि पाचव्याला तर हातच पुढे होत नाही. मीही गेली अनेक वर्षे हेच उदाहरण देत आलो आहे. यंदा मात्र मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने मध्येच हात वर केला. "सर, मग 'ईना मीना डीका'चं काय? आमची पार्टी एका सीझनला ते शंभर वेळा तरी वाजवते. आम्हाला कंटाळा येतो, पण नाचणाऱ्यांना येत नाही." वर्ग हसला. मीही हसलो, आणि पुस्तकात दिलेले नियमाचे अपवाद फळ्यावर लिहून तास संपविला. दुर्मिळ नाणी जमविणारा छांदिष्ट, मद्यपी आणि कंजूष या मंडळींच्या यादीत शहापूर-मुरबाडकडची वऱ्हाडी मंडळी कोठे बसवावयाची, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

हा विद्यार्थी मुरबाड तालुक्यातील टोकावडे भागातला. घरी पावसाळी भाताची शेती. तुळशीचे लग्न लागले की घरातील तिघे जण बेंजो पार्टीबरोबर बाहेर पडतात, ते मृगाचे ढग दिसेपर्यंत. बेंजो हे वाद्य ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगावयास हवे की टंकलेखन यंत्राप्रमाणे त्याला बटणे असतात, बटणांखाली तारा असतात आणि उजव्या हातातील नखीने त्या छेडावयाच्या असतात. आवाज वाढविण्यासाठी कर्णे लावलेली हातगाडी किंवा टेम्पो बरोबर चालतो. या वाद्याचा पूर्वज जपानचा. १९१२ साली नागोया शहरात 'ताइशोगोतो' या नावाने तो जन्मास आला आणि पुढे आपल्याकडे येऊन 'बुलबुल तरंग' झाला. नावाने अमेरिकी, कुळाने जपानी आणि वास्तव्याने कोकण-ठाण्याचे असे हे वाद्य आहे. त्यावर जे गाणे सर्वांत अधिक मागितले जाते त्याची कुळकथाही अशीच सरमिसळीची आहे, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

'आशा' हा चित्रपट १९५७ सालचा. दिग्दर्शक एम. व्ही. रामन, गीतकार राजेंद्र कृष्ण, संगीतकार सी. रामचंद्र. 'ईना मीना डीका' त्यात दोनदा येते, एकदा किशोरकुमारच्या आवाजात आणि एकदा आशा भोसले यांच्या. हिंदी चित्रपटांतील पहिल्या रॉक अँड रोल गाण्यांत त्याची गणना होते. बिल हेलीचे 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ साली ध्वनिमुद्रित झाले आणि १९५५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले. म्हणजे अमेरिकेतील तरुणांनी ज्या ठेक्यावर फेर धरला तो मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात उतरावयास अवघी दोन वर्षे लागली. त्या काळी परदेशी यंत्रसामग्री मागवावयाची तर परवान्यासाठी खेपा घालाव्या लागत. ठेक्याला परवाना लागला नाही.

सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. 'अनारकली'ची रागदारीवर आधारलेली गाणी १९५३ साली त्यांनीच दिली, आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत जे गीत ऐकून पंडित नेहरूंचे डोळे पाणावले असे सांगतात त्याची चालही त्यांचीच. अशा माणसाने केवळ उसनवारी म्हणून रॉक अँड रोल उचलले असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'ईना मीना डीका'च्या शब्दांची एक आख्यायिका सांगितली जाते. संगीतकाराच्या खोलीबाहेर मुले खेळत होती, राज्य कोणावर हे ठरविण्यासाठी ती इंग्रजीतील एक निरर्थक गणती म्हणत होती, आणि तिच्यावरून ही अक्षरे सुचली. जॉन गोम्स या गोव्याच्या साहाय्यकाने त्यात 'मला नको' अशा अर्थाचे कोकणी शब्द घातले, असेही सांगतात. आख्यायिका शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातील गोव्याचा धागा निःसंशय खरा आहे. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले शेकडो वादक मुंबईत आले. हॉटेलांत जाझ वाजवीत असतानाच दिवसा ते चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसू लागले. 'चिक चॉकोलेट' या नावाने गाजलेले आंतोनियो शावियेर वाझ हे ट्रम्पेटवादक सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते. १९५१ च्या 'अलबेला'तील वाद्यमेळात जो उसळता रंग आहे त्याला अशा लोकांचा हात लागलेला आहे.

'अलबेला'चा उल्लेख मी हेतुतः केला. भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा, हे गिरणी कामगाराचे चिरंजीव. त्यांनी त्या चित्रपटात जो नाच केला तो शिकावा लागत नाही. गुडघे किंचित वाकवावेत, खांदे हलवावेत आणि एक हात हवेत तरंगता ठेवावा, एवढे जमले की कोणीही नाचू शकतो. चाल सी. रामचंद्रांची आणि नाच भगवानदादांचा, अशी ही जोडी महाराष्ट्राच्या मिरवणुकांत जी शिरली ती आजतागायत बाहेर पडलेली नाही. गेल्या वैशाखात आसनगावजवळील एका गावी वरातीत मी पाहिले की पार्टीने 'ईना मीना डीका' सुरू करताच सत्तरीचे एक बाबा पागोटे सावरीत मध्ये आले, आणि त्यांच्यासमोर त्यांचा नातू, जो एरव्ही कानांतील गुंडाळ्या काढावयास तयार नसतो. दोघांची पावले वेगळी होती. ठेका दोघांनाही पुरत होता.

या गाण्याच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण मला येथे दिसते. त्याला अर्थ नाही, आणि म्हणूनच त्याला वयाची, जातीची वा बोलीची अट नाही. प्रेमगीताला प्रेमिक लागतो आणि भक्तिगीताला भक्त. हे गाणे म्हणावयास नुसती जीभ पुरते. आगरी वाड्यावर, ठाकरवाडीत वा कुणब्यांच्या आळीत त्याचा अर्थ कोणालाच लावावा लागत नाही, त्यामुळे अर्थ न कळल्याचा कमीपणाही कोणाला वाटत नाही. शहाणी माणसे अर्थहीनतेला नाके मुरडतात खरी, परंतु लहान मूल भाषेआधी नादच शिकते हे त्यांनी आपल्या घरातच पाहिलेले असते.

दुसरे कारण चालीच्या घडणीत आहे. तिचे तुकडे आखूड आहेत, पुनरावृत्ती भरपूर आहे आणि मूळ वळण इतके ठाम आहे की वाजविणाऱ्याचा एखादा स्वर चुकला, ढोलकवाला अर्धी मात्रा पुढे गेला, तरी गाणे ओळखू येते. ज्या गाण्याचा सारा जीव गायकाच्या एखाद्या हरकतीत असतो ते गायकाबरोबर थांबते. ज्या गाण्याचा जीव सांगाड्यात असतो ते क्लॅरिनेट, बेंजो, तोंडाने वाजविलेली शिटी अशा कशावरही चढते. अमेरिकेतील रॉक अँड रोल मुळात अशाच लोकांच्या हातून आले. कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातून ते वाढले, मोजक्या वाद्यांवर भागणारे आणि कानाने शिकता येणारे होते. चक बेरीचे १९५८ चे 'जॉनी बी. गुड' हे गिटार वाजविणाऱ्या अशाच एका खेड्यातील पोराचे गाणे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली तिच्यावर हे गाणे आहे आणि त्याच तबकडीवर गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. आपल्याकडील अभिरुचिसंपन्नांना ही पंगत रुचली असती की नाही, शंका आहे.

शंका उगाच घेत नाही. सार्वजनिक अभिरुची वरून सुधारण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे आणि त्याचे कर्तेही मराठीच होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ पासून दहा वर्षे नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी पुष्कळ केले हे कृतज्ञतेने नमूद करावयास हवे. परंतु त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओचा काटा फिरवून सिलोन केंद्र लावले. त्याच १९५२ साली तेथून बिनाका गीतमाला सुरू झाली आणि जाहिरातींचा पैसा समुद्रापलीकडे वाहू लागला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू करून या स्पर्धेला उत्तर दिले. 'आशा'ही त्याच वर्षी आला. मागणी बंदीने मरत नाही, ती दुकान बदलते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला समजावून सांगण्यास यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. माझा जन्म त्यानंतर दोन तपे उलटल्यावरचा, तरीही मी हे गाणे प्रथम ऐकले ते विविध भारतीवरच, आजोळी, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या रेडिओवर.

येथवर गाण्याचे कौतुक झाले. आता ज्यांच्या हातून ते आपल्या अंगणात आले त्यांच्याकडे वळू. 'आशा'च्या वाद्यवृंदात त्या दिवशी कोण कोण बसले होते हे चित्रपटाच्या श्रेयनामावलीवरून कळत नाही. वादकाला ध्वनिमुद्रणाच्या दिवसाचे पैसे मिळत आणि तेथे त्याचा गाण्याशी असलेला संबंध संपे. संगीतकार व गीतकार यांचीही स्थिती फार निराळी नव्हती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा हक्क, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याचाच. ही स्थिती बदलावयास २०१२ उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही अशी तजवीज झाली. सी. रामचंद्र १९८२ च्या जानेवारीत निवर्तले होते.

याच कायद्यात वरातीसंबंधी एक तरतूद आहे. धार्मिक समारंभात गाणे वाजविल्यास स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, आणि धार्मिक समारंभ या शब्दात लग्नाची मिरवणूक व लग्नाशी संबंधित इतर सामाजिक सोहळे येतात असे कलम ५२ चे स्पष्टीकरण सांगते. तरतूद योग्यच आहे. खेड्यातल्या वधुपित्याकडून वरातीच्या गाण्याचे पैसे मागणे हास्यास्पद ठरले असते. १९५७ ची मूळ ध्वनिमुद्रिकाही, साठ वर्षांची मुदत भरल्याने, २०१७ अखेर मोकळी झाली आहे. म्हणजे गाणे आता वरातीपुरते तरी खऱ्या अर्थाने सार्वजनिक आहे, पाणवठ्यासारखे. परंतु पाणवठा सार्वजनिक असला तरी पाणी कोणीतरी वाहून आणावे लागते. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा आणि वैतरणा यांची धरणे असून तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर का येतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा फरक उलगडून सांगण्याचे कारण नाही.

गाणे वाहून आणणारे हे लोक आज उठत चालले आहेत. त्यांची जागा डीजेने घेतली आहे. हळदीच्या रात्री टेम्पोवर भिंतीएवढे कर्णे रचलेले असतात आणि शेजारच्या घरातील पत्रे थरथरतात. डीजेवाल्याला खलनायक ठरविण्याची माझी इच्छा नाही. तोही याच गावांतला तरुण असतो, कर्ज काढून त्याने सामान घेतलेले असते आणि पावसाळ्यात हप्ते कसे भरावयाचे या विवंचनेत तोही असतो. त्याच्या विजयाचे कारण आवाज हे नव्हेच, ते खर्चाच्या गणितात आहे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता. कारखान्यात यंत्रे सुधारतात, तेच काम कमी माणसांत होते आणि त्यामुळे मजुरी वाढविणे परवडते. परंतु चार वादकांची रचना वाजविण्यास पूर्वी चार माणसे व ठरावीक वेळ लागे, आजही तेवढीच लागतात. बाहेरची मजुरी वाढत गेली की वादकांचा खर्च तुलनेने वाढत जातो आणि एक दिवस तो परवडेनासा होतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगाराला जो रोज मिळतो तो जसा वाढला तशी बेंजो पार्टीच्या आठ-दहा जणांची सुपारी वाढणे भाग होते. डीजेला दोन माणसे पुरतात.

यावर मला एका सहकाऱ्याने सुनावले की गाणे जगल्याशी कारण, ते बोटांनी वाजते की बटणाने याची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की ध्वनिमुद्रिका गाणे जपते, पण वाढवीत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी विचारले की हे गाणे कोणत्या चित्रपटातले. त्याला सांगता आले नाही. संगीतकाराचे नावही त्याने ऐकलेले नव्हते. मात्र ते कोणत्या बटणावरून उचलावयाचे, नवरदेवाचे मामा नाचावयास उतरले की कोणता तुकडा लांबवावयाचा, आणि देवळासमोर आल्यावर आवाज कोठे खाली आणावयाचा, हे तो झोपेतही सांगेल. हे ज्ञान त्याने चुलत्याच्या मागे चालत मिळविले. एवढे गोव्याच्या वादकाकडून मुंबईच्या ध्वनिमुद्रिकेत, ध्वनिमुद्रिकेतून कानात आणि कानातून बोटांत आले. ते परत कोणा नव्या गाण्याच्या कामी येईल. बटण दाबणाऱ्याकडे यातले काहीच साठत नाही.

मग शासनाने काय करावे? वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना आहे. ती चांगली आहे, परंतु ती कला संपल्यावर कलावंताला आधार देते. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने पारंपरिक कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी साहाय्य आहे, विनातारण कर्ज आहे. सुतार, लोहार, कुंभार, नाभिक, शिंपी असे अठरा व्यवसाय तिच्यात धरलेले आहेत, आणि त्यांत माळा गुंफणाराही आहे. म्हणजे नवऱ्यामुलाची दाढी करणारा आणि त्याच्या गळ्यातील हार गुंफणारा यांना योजनेत स्थान आहे, त्याच्यापुढे वाजविणाऱ्याला नाही. बेंजो, क्लॅरिनेट वा ढोल ही अवजारे नव्हेत असे कोणाचे मत असेल तर ते त्याने वैशाखातल्या दुपारी तीन तास गळ्यात अडकवून पाहावीत. एकोणिसावा व्यवसाय वादकाचा घालण्यास तिजोरीवर फार भार पडेल असे मला वाटत नाही. आपल्या खासदार-आमदारांपैकी कोणी हा मुद्दा मांडल्यास या दोन तालुक्यांतील काही शे घरे तरी त्याला दुवा देतील.

दिल्लीची वाट पाहावयाची नसेल तर जवळचेही मार्ग आहेत. डीजेवर सरसकट बंदी घालावी अशी मागणी अधूनमधून होते. केसकरांच्या प्रयोगानंतर मी तिच्या वाटेला जाणार नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे, तो पाळला तरी पुरे, आणि तो बेंजो पार्टीच्या कर्ण्यांनाही लागू आहे हे विसरू नये. बंदीपेक्षा मागणी निर्माण करणे अधिक उपयोगी पडेल. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात आम्ही मुंबईहून ध्वनियंत्रणा मागवितो आणि मागच्या बाकावर बसलेला बेंजोवादक प्रेक्षकांत बसतो. ही चूक आमची आहे आणि यंदा मी ती माझ्यापुरती सुधारणार आहे.

मोठी संधी म्हशाला आहे. पौष पौर्णिमेपासून भरणारी म्हशाची यात्रा गुरांच्या बाजारासाठी दूरवर ओळखली जाते. मुरबाड-शहापूरचेच नव्हे तर घाटावरचेही लोक तिला येतात. तेथे एक संध्याकाळ बेंजो व बँड पार्ट्यांच्या चढाओढीसाठी राखून ठेवावी. कुस्तीच्या आखाड्यावर जसा नारळ, फेटा आणि रोख इनाम असते तसे इनाम असावे, आणि ते परिसरातील ग्रामपंचायतींनी मिळून वर्गणी काढून उभारावे. अट एवढीच की प्रत्येक पार्टीने एक जुने आणि एक स्वतः बसविलेले नवे गाणे वाजवावे. जुने कोणते असेल ते मी आजच सांगू शकतो.

त्या विद्यार्थ्याच्या पार्टीला मागच्या हंगामाच्या निम्म्याही सुपाऱ्या या वेळी आलेल्या नाहीत. चुलत्याचा बेंजो दुरुस्तीसाठी कल्याणला पडून आहे, आणि या पोराने औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी अर्ज केला आहे. नोकरी त्याला मिळावी, अशीच माझी इच्छा आहे. पौष पौर्णिमेची रात्रपाळी त्याला तेवढी बदलून घेता यावी. ग्रामपंचायतींच्या मासिक सभा दरमहा होतात आणि ठराव मांडण्यास पौषापूर्वी पुरेसा अवधी आहे.